टाकळीचे शंख आणि नाहीसा झालेला डोंगर

नागपूरचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपसूक बख्त बुलंदाकडे वळते, मग भोसल्यांकडे, मग 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईकडे आणि अखेर 1853 मध्ये तिसरे रघुजी निवर्तल्यावर खालसा झालेल्या राज्याकडे. हा क्रम चुकीचा नाही. मात्र या शहराला याहून पुष्कळ जुना असा एक इतिहास आहे. त्यात राजा नाही, लढाई नाही. त्याची साधने दप्तरखान्यात नसून दगडात आहेत आणि त्याचे नायक बहुतांशी गोगलगायी आहेत. गोगलगायीला इतिहास असावा ही कल्पना प्रथम हास्यास्पद वाटते. 'पोटात पाय' या म्हणीपलीकडे आपल्या भाषेने तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तरीही नागपूरचे नाव जगातील शास्त्रीय ग्रंथांत ज्या कारणांनी पोहोचले, त्यांत टाकळीच्या माळावरील या शंखांचा वाटा मोठा आहे.

हे शंख ज्यांनी जगापुढे मांडले ते स्टीफन हिस्लॉप सीताबर्डीच्या लढाईच्याच वर्षी, 1817 मध्ये, स्कॉटलंडमधील डन्स या गावी जन्मले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते 1845 मध्ये नागपुरास आले, आणि दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले. धर्मप्रसार आणि शाळा हे दोघांचे नेमलेले काम. दगड निरखणे हा फावल्या वेळचा छंद. त्या वेळच्या नागपुराच्या वायव्येस, सीताबर्डीहून फिरत जाता येईल इतक्या अंतरावर टाकळी हे खेडे होते. 1850 च्या दशकाच्या आरंभी तिथल्या दगडांत त्यांना गोड्या पाण्यातील शंख दिसले, आणि मग शोधाला सीमा उरली नाही. शंखांपाठोपाठ बिया आणि फळे मिळाली, भुंगेऱ्यांची पंखकवचे मिळाली, सूक्ष्म कवचधारी जलचर मिळाले. नागपूर परिसराच्या भूस्तरांवरील हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध 1855 मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर 1860 मध्ये हिस्लॉप यांनी एकट्याच्या नावाने दुसरा निबंध लिहिला आणि त्यात या शंखांची रीतसर लॅटिन वर्णने दिली.

या दगडांत नेमके काय घडले होते? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याच्या रूपाने थरांवर थर पसरत असताना, भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. लाव्ह्याचा एक पूर येऊन थंड होई आणि पुढचा पूर येईपर्यंत मध्ये दीर्घ काळ जाई. त्या अवकाशात खोलगट जागी तळी साचत; काठावर झाडे वाढत, पाण्यात शंखशिंपले नांदत. मग नवा लाव्हा येऊन सारे झाकून टाकी. दोन काळ्या थरांमध्ये सापडलेला तळ्याचा हा गाळ म्हणजेच टाकळीचा शंखांचा थर. गोगलगायीचे कवच मुळात चुन्याचे. परंतु पुष्कळ ठिकाणी तो चुना विरघळून त्याच्या जागी गारगोटीच्या जातीचे द्रव्य येऊन बसले, आणि म्हणून ते टिकले. वस्तू गेली, आकार राहिला.

त्यांतला सर्वांत ठळक शंख फायसा प्रिन्सेपी. तो हिस्लॉप यांच्याही आधी माल्कमसन या डॉक्टरांनी निर्मळच्या डोंगरांतून मिळवला होता आणि 1840 मध्ये सॉवर्बी यांनी त्याला जेम्स प्रिन्सेप यांचे, म्हणजे अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या विद्वानाचे, नाव दिले. आजच्या फायसाचा शंख नखाएवढा. हा मात्र दोन इंचांच्या घरात जातो. त्याची एक लकब सांगण्यासारखी आहे. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून बहुतेक शंख धरले तर तोंड उजव्या बाजूस येते. फायसाचे डाव्या बाजूस येते. आपल्याकडे देवघरात जो दक्षिणावर्ती शंख दुर्मीळ म्हणून पूजतात, त्याचे वळण हेच. आपण तो टोक खाली करून धरतो म्हणून त्याचे तोंड उजवीकडे दिसते, एवढाच फरक. ज्या वळणाच्या शंखासाठी माणसे मोठी किंमत मोजतात, त्या वळणाचे शंख नागपूरच्या मुरमाखाली विपुल पडून आहेत.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. दगडांपेक्षा शब्दांशी आमची जवळीक अधिक. म्हणून हिस्लॉप यांच्या 1860 च्या यादीत आम्हांला सर्वांत आधी भिडली ती नावे. पॅल्युडिना टाकलिएन्सिस, लिम्निया तेलंखेडिएन्सिस, सक्सिनिया नागपुरेन्सिस. टाकळी, तेलंगखेडी, नागपूर! आपल्या रोजच्या बोलण्यातली गावे लॅटिन प्रत्यय लावून तिथे उभी आहेत. शेजारी हंटर आहेत, माल्कमसन आहेत, नागपुरात नेमणुकीस असलेले सँकी नावाचे सैनिकी अभियंते आहेत. इंग्रज नावांच्या त्या रांगेत 'विरापाई' हे एक नाव मात्र वेगळ्याच बोलीचे आहे. राज्य खालसा होण्याच्या आगेमागे हे सारे चालले होते हेही विसरता येत नाही. ज्या काळात नागपूरच्या राजवाड्यातील चीजवस्तूंची मोजदाद होत होती, त्याच काळात नागपूरच्या दगडांचीही होत होती. दोन्हींचे हेतू एक नव्हते. परंतु दोन्ही याद्या परभाषेत झाल्या आणि हिस्लॉप यांनी वर्णिलेले नमुने लंडनला गेले.

या यादीतले बहुतेक जीव पाण्यातले. सक्सिनिया मात्र वेगळी. तिच्या आजच्या जाती तळ्याकाठच्या ओल्या गवतावर आणि चिखलावर राहतात; पाण्याजवळ, पण जमिनीवर. पाणी सोडून जमिनीवर आलेल्या गोगलगायीपुढे दोन पेच उभे राहतात. पहिला ओलाव्याचा. तिचे अंग उघडे आणि ओले. वारा-ऊन लागले की ती सुकते. दुसरा चुन्याचा. पाण्यात विरघळलेला चुना भोवती असतो. जमिनीवर तो अन्नातून आणि मातीतून मिळवावा लागतो. कवच वाढवायचे तर चुना हवा, अंडी घालायची तरी चुना हवा. म्हणून जमिनीवरच्या गोगलगायींचा भूगोल हा पुष्कळ अंशी ओल आणि चुना यांचा भूगोल असतो. हे सूत्र हाती धरले की नागपूरहून निघालेली वाट फार दूरवर जाते, आणि त्या वाटेवरचा वाटाड्याही नागपूरच्या दगडांशी संबंधित असलेलाच भेटतो.

हे वाटाडे म्हणजे विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड. 1855 मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. दख्खनचा काळा पाषाण आणि त्यामधले शंखांचे थर हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय होता, आणि 1872 मध्ये नागपूर व परिसराच्या भूस्तरांचे वर्णन करणारा त्यांचा स्वतंत्र प्रबंध सर्वेक्षणाने छापला. पण दगड तपासता तपासता ब्लॅनफर्ड जिवंत गोगलगायीही वेचत असत. ते आणि त्यांचे धाकटे बंधू हेन्री (हेच पुढे भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले) यांनी 1860 मध्ये, म्हणजे हिस्लॉप यांचा शंखांवरील निबंध निघाला त्याच वर्षी, निलगिरीतील एका अतिसूक्ष्म गोगलगायीवरून एक नवे कुल स्थापिले. त्याचे नाव ओपिस्थोस्टोमा.

ग्रीक शब्दांवरून घडविलेल्या या नावाचा अर्थ 'मागे तोंड असलेली'. तिची शरीररचना पाहिली म्हणजे नावाचे मर्म कळते. शंख एक ते चार मिलिमीटरांचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या आसपास. त्याचे वेढे प्रारंभी इतर गोगलगायींसारखेच एकावर एक चढत जातात. परंतु शेवटचा वेढा अकस्मात शंखापासून सुटतो, उलटा वळतो आणि तोंड टोकाच्या दिशेने उघडते. कवचावर बारीक उभ्या पाळ्या असतात. काही जातींत त्या पंखांसारख्या बाहेर निघतात. बागेत पावसाळ्यात दिसणाऱ्या गोगलगायीपेक्षा हिचे आतले अंगही निराळे आहे. बागेतली गोगलगाय एकाच देही नर आणि मादी असते. हिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. बागेतलीचे डोळे लांब शिंगांच्या टोकाशी. हिचे शिंगांच्या बुडाशी. हिच्या पायाच्या मागील भागावर एक लहानशी चकती असते. अंग आत ओढले की ती दारासारखी तोंडावर बसते आणि ओल कोंडून धरते. श्वासासाठी कल्ले नाहीत; प्रावरणाखालच्या पोकळीचे रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तरच फुप्फुसाचे काम करते. थोडक्यात, हे बागेतल्या गोगलगायीचे खुजे रूप नव्हे. पाण्यातून जमिनीवर येण्याची वाट जिने वेगळी काढली, अशा दुसऱ्या घराण्याची ती आहे.

महाराष्ट्रालाही हे कुल परके नाही. पश्चिम घाटातील खंडाळ्याहून मिळालेल्या एका जातीला ब्लॅनफर्ड यांनी 1866 मध्ये ओपिस्थोस्टोमा फेअरबँकी असे नाव दिले. सॅम्युएल बेकन फेअरबँक हे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. ज्या मिशनच्या 'ज्ञानोदया'चा उल्लेख मराठी नियतकालिकांच्या इतिहासात आम्ही दरवर्षी वर्गात करतो, त्याच मिशनचा हा माणूस खंडाळ्याच्या ओल्या दगडांवर मोहरीएवढे शंख शोधत होता, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासाने कुठे नोंदवलेली नाही. नोंदवायला हवी होती असाही आग्रह नाही. मात्र एकोणिसाव्या शतकातील मिशनरी म्हणजे केवळ व्याकरणे, कोश आणि धर्मांतरे एवढेच चित्र आपण रंगवतो तेव्हा त्याचा एक कोपरा कोरा राहतो, हे खरे.

आता या कुलाचा विस्तार पाहू. निलगिरीतही चुनखडक नाही आणि खंडाळ्यातही नाही. तिथे घाटाचा पाऊस आणि जंगलाचा पालापाचोळा यांवर या गोगलगायी निभावतात. जाती थोड्या आहेत. परंतु बंगालच्या उपसागरापलीकडे, मलाय द्वीपकल्पात आणि बोर्निओत, या घराण्याने चुनखडकाच्या डोंगरांवर संसार थाटला आणि तो अफाट वाढला. तिकडच्या पुष्कळ जाती आता ओपिस्थोस्टोमाचे जवळचे भावंड असलेल्या प्लेक्टोस्टोमा या कुलात मोडतात. मलेशियातील गुनुंग रापात या चुनखडीच्या डोंगरावरून 2008 मध्ये वर्णिलेल्या ओपिस्थोस्टोमा व्हर्मिक्युलम या जातीचा शंख तर चार वेगवेगळ्या अक्षांभोवती वळतो. शंख म्हणजे एका अक्षाभोवतीचे नियमित वळण, ही आपली समजूतच त्याने मोडीत काढली.

चुनखडकाने हे कसे साधले? पावसाच्या पाण्याने हा खडक झिजतो, त्यात भेगा आणि कपारी पडतात, आणि त्यांत ओल टिकून राहते. खडकाच्या पृष्ठभागावरील शेवाळाचा पातळ थर हे अन्न. कवचाला लागणारा चुना तर पायाखालीच. ओल, अन्न आणि चुना तिन्ही एका जागी मिळाल्यावर गोगलगायीला दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही. आणि जायचे म्हटले तरी भोवती आम्लधर्मी मातीचे जंगल. मोहरीएवढ्या जिवाला एका डोंगरावरून चार कोसांवरच्या दुसऱ्या डोंगरावर जाणे म्हणजे समुद्र ओलांडण्यासारखेच. त्यामुळे प्रत्येक डोंगर हे एक बेट होते आणि प्रत्येक बेटावरची जात वेगळ्या वळणाने जाते. शत्रूही तिथलेच. बोर्निओत एक मांसभक्षक, बिनकवचाची गोगलगाय या शंखांना भोक पाडून आतला जीव खाते, आणि कवचावरच्या उंच पाळ्या तिच्या वाटेत अडथळा ठरतात असे अभ्यासकांना दिसून आले आहे. एका डोंगराएवढ्या जगात इतके नाट्य चालते.

परंतु ज्या गुणाने ही विविधता घडली त्याच गुणात तिचे मरण आहे. मलेशियाच्या पहांग राज्यात, क्वांतानजवळ बुकित पांचिंग नावाचा चुनखडीचा डोंगर होता. प्लेक्टोस्टोमा सायाफिलम ही जात केवळ त्या एका डोंगरावर राहत असे. चुनखडीसाठी डोंगर खणला जाऊ लागला आणि 2003 पर्यंत तो पुरता नाहीसा झाला; जिथे डोंगर होता तिथे खड्डा राहिला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने 2014 मध्ये ही जात नामशेष झाल्याचे जाहीर केले. तिला कोणी मारले नाही. कोणाला तिचा उपद्रव नव्हता, उपयोगही नव्हता. तिच्या पायाखालचा दगड सिमेंटच्या आणि रस्त्याच्या कामाचा होता, एवढेच.

या घटनेपाशी आम्ही नागपूरकडे परत येतो, कारण चुनखडकाची गोष्ट ही विदर्भाला परकी गोष्ट नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, पैनगंगेच्या आणि वर्धेच्या खोऱ्यांत, चुनखडकाचा मोठा पट्टा आहे. तो टाकळीच्या तळ्याहून कितीतरी पुरातन. कवचधारी प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वीचा, म्हणून त्या दगडात शंख सापडत नाहीत. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या गावांची नावे आज सिमेंटमुळे सर्वतोमुखी आहेत. त्या सिमेंटनेच आमची घरे आणि महाविद्यालये उभी आहेत. तेव्हा सिमेंटच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. कोणताही डोंगर खणण्यापूर्वी त्याच्यातील चुन्याचे प्रमाण मोजले जाते, जाडी मोजली जाते, आयुर्मान मोजले जाते. पहिल्या पावसानंतर कोणीतरी गुडघे टेकून त्याच्या कपारींत काय चालते हेही पाहावे. टाकळीला हिस्लॉप आणि हंटर वाकले होते, खंडाळ्याला फेअरबँक वाकले होते. त्यासाठी फार मोठी सामग्री लागली नव्हती. पाहणी आधी आणि खणणे नंतर, हा क्रम उलटला की बुकित पांचिंग होते.

टाकळीचे काय झाले? बुकित पांचिंगसारखे काही झाले नाही. जे प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेच्या खेड्याचे होते तेच झाले. शहर तिकडे सरकले, रस्ते झाले, पोलीस लाइन झाली, वसाहती झाल्या. ज्या माळावर दगड उचलून शंख पाहता येत होते तो माळ आता घरांखाली आहे. तेलंगखेडीचा, म्हणजेच फुटाळ्याचा, तलाव आहे. संध्याकाळी तिथे गर्दीही असते. त्या गर्दीत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यातील एका गोगलगायीला याच जागेचे नाव आहे हे ठाऊक असणारा माणूस विरळाच. हिस्लॉप यांचे नाव 1883 मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे शहराच्या तोंडी आहे. टाकळीच्या दगडांत मिळालेल्या हिरव्या चुनखनिजाला 1859 मध्ये त्यांच्यावरून हिस्लॉपाइट म्हटले गेले, आणि गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याला मुंबईच्या कार्टर यांनी 1858 मध्ये हिस्लोपिया असे नाव दिले. नावांची उणीव कुठेच नाही.

दगड पाहण्यासाठी जुंपलेली ती नजर अखेरपर्यंत सुटली नाही. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून घोड्यावरून परतताना, बोरीजवळ पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. सेहेचाळीस वर्षे पुरी व्हायला त्यांना चार दिवस उरले होते. त्यांच्यामागे नव्याण्णव वर्षांनी नव्हे, तब्बल दीडशे वर्षांच्या आसपास, 2008 मध्ये जोसेफ हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1860 च्या त्या लॅटिन वर्णनांचा नव्याने, नमुने समोर ठेवून अभ्यास प्रसिद्ध केला. हिस्लॉप ज्या थरांना अलीकडच्या तृतीय युगातले समजत होते ते डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातले, हे तोवर स्पष्ट झाले होते. मताची दुरुस्ती होऊ शकली, कारण त्यांनी शंख जपून ठेवले होते आणि कुठे मिळाला ते लिहून ठेवले होते.

इतिहासकाराला साधन जपावे लागते हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो. बखर हरवली तर बखरीचे केवळ नाव उरते. ग्रंथसूचीत ती असते आणि वाचता येत नाही. प्लेक्टोस्टोमा सायाफिलमची गत आज तीच आहे. टाकळीची गत त्याहून थोडी बरी, कारण तिथला थर घरांखाली का होईना, पण आहे. नागपुरात कोठे विहीर खणताना, पाया घेताना दोन काळ्या थरांमधून फिकट माती आणि गारगोटी वर आली, तर ती ट्रकमध्ये भरण्याआधी एकदा हातात घेऊन पाहावी. डाव्या तोंडाचा एखादा शंख त्यात असण्याचा संभव आहे. तो कोठे मिळाला, किती खोलीवर मिळाला, हे एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच्यासोबत ठेवावी.